अर्धा फेरा जास्त

माणूस हा स्वतःच्या आयुष्याचा सारथी आहे, असं फार थोर लोकांनी सांगून ठेवलं आहे. त्या थोर लोकांपैकी एकानेही सासरेबुवांची गाडी चालवलेली नव्हती.

त्या गाडीचं स्टिअरिंग फिरवणं म्हणजे सरकारदरबारी अर्ज देण्यासारखं होतं. वर चाक फिरवायचं आणि वाट पाहायची. खाली रस्त्यावर काहीच घडायचं नाही. आपण धीर सोडून दुसरा विषय काढला की गाडी एकदम वळायची. सासरेबुवा एका वळणावर असतानाच पुढच्या वळणाचा अर्ज देऊन ठेवत, आणि इतक्या वर्षांत त्यांचं कधी चुकलं नव्हतं. पण गेल्या खेपेला तपासणी कचेरीतल्या साहेबांनी गाडीत बसून ते चाक बोटाने इकडून तिकडे हलवलं आणि वाकून पुढच्या टायरांकडे पाहिलं. टायरांना अजून बातमी पोचलेली नव्हती. साहेबांनी शांतपणे सांगितलं की ही ढिलाई गेली नाही तर पुढच्या वर्षी गाडी रस्त्यावर दिसता कामा नये.

सासरेबुवांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज कापला. तो आवाज कापलेला घरात कुणी ऐकलेला नव्हता. त्यामुळे दोन्ही जावई एकाच वेळी म्हणाले, आम्ही करतो. एकाच वेळी म्हणाले हा योगायोग, कारण दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं.

थोरला जावई घड्याळजी, धाकटा दातांचा डॉक्टर. दोघांचंही पोट दात्यांवरच चालायचं, म्हणून त्यांचं चांगलं जमेल असं सगळ्यांना वाटलं होतं. जमलंही. मग एकदा घरातल्या सगळ्यांचा एकत्र फोटो काढताना डॉक्टर म्हणाले की साडूभाऊंनी तोंड मिटून हसावं, पुढचा दात गेल्यात जमा आहे. घड्याळजी म्हणाले की तो दात डॉक्टरांच्या मनगटावरच्या घड्याळापेक्षा बरा चालतो. एवढ्यावर भागलं असतं. पण घड्याळजींनी तो दात गावातल्या दुसऱ्याच डॉक्टरकडून काढून घेतला, आणि डॉक्टरांनी आपलं घड्याळ घड्याळजींच्या समोरच्या दुकानात दुरुस्तीला टाकलं. डोकी फुटलेली माणसं विसरतात. हे विसरणं शक्य नव्हतं.

तेव्हापासून दोघांमधला सगळा व्यवहार थोरलीमार्फत चाले. थोरली म्हणजे सासरेबुवांची मोठी मुलगी, घड्याळजींची बायको. डॉक्टर तिला म्हणत, "ताई, कुणाला तरी सांगा, पाना जागेवर ठेवत जा." तिचा नवरा तिथेच, हाताच्या अंतरावर, पाना हातात घेऊन उभा असे. थोरली ते वाक्य त्याला पुन्हा ऐकवी, आणि मग त्याला ते ऐकू येई. ती घरी नसली तर दोघे गाडीशी बोलत. गाडीला सासरेबुवा 'बाई' म्हणायचे, त्यामुळे शेडमधून "बाई, एखाद्या माणसाला अक्कल कमी असली तर त्यानं उजेड तरी अडवू नये" अशी वाक्यं ऐकू येत, आणि बाहेरून जाणाऱ्यांचा भलताच गैरसमज होई.

या परिस्थितीत स्टिअरिंगची डबी उतरवण्यात आली.

डबीची गंमत साधी आहे. स्टिअरिंगच्या लांब दांड्याच्या खालच्या टोकाला एक जाड मळसूत्र असतं. ते एका दातेरी चाकाला फिरवतं, आणि ते चाक पुढची चाकं वळवतं. हे दोघे एका लोखंडी डबीत तेलात बुडून बसलेले असतात. डबीच्या झाकणावर एक स्क्रू असतो. तो आवळला की दाते मळसूत्राला जास्त बिलगतात, सोडला की लांब होतात. गोची अशी, की गाडी जन्मभर बहुतेक सरळच जाते. त्यामुळे मधले दाते झिजतात आणि कडेचे भरदार राहतात. मधली ढिलाई घालवायला स्क्रू फार आवळला, तर सरळ रस्त्यावर गाडी सुतासारखी जाते. मोठं वळण आलं, चाक पुरतं फिरवलं, कडेचे दाते पुढे आले, की डबीची दातखीळ बसते. मग चाक पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. सासरेबुवांनी दोघांनाही हे बजावून सांगितलं होतं. दोघांनी माना डोलावल्या होत्या, अर्थात वेगवेगळ्या वेळी.

जोडणी सुरू झाली. पहिल्यांदा जोडून झाल्यावर एक वॉशर उरला, म्हणून डबी पुन्हा उघडली. पुढच्या खेपेला वॉशर उरला नाही, पण चाक डावीकडे फिरवलं की गाडी उजवीकडे जायला लागली, कारण डॉक्टरांनी दातेरी चाक मळसूत्राच्या भलत्या बाजूला बसवलं होतं. आयुष्यभर आरशात बघून काम केल्यामुळे त्यांना त्यात काही वावगं वाटलंच नाही. ते सुधारल्यावर स्टिअरिंग इतकं जड झालं की सासरेबुवांना ते फिरवताना उभं राहावं लागलं. दोघांनी डबीतले दाते भिंगाखाली घालून तपासले. दोष डबीत नव्हताच. घड्याळजींनी डबी सैल असतानाच दांडा वर डॅशबोर्डाखाली आवळून टाकला होता, आणि मग डबी ओढूनताणून जागेवर बसवली होती. दांडा धनुष्यासारखा वाकून बसला होता. डॉक्टर त्यावर एक शब्द बोलले नाहीत, फक्त बाईंजवळ जाऊन मोठ्याने हसले.

शेवटी उरला तो स्क्रू. इथे मात्र दोन शास्त्रं समोरासमोर आली. डॉक्टरांचं म्हणणं, जे हलतं ते घट्ट करावं, नाहीतर उपटावं. घड्याळजींचं म्हणणं, चाकाला श्वास घ्यायला जागा पाहिजे. थोरलीने मध्ये पडून दोघांच्या मधली एक जागा ठरवून दिली. दोघांनी मान्य केली. मग डॉक्टर सकाळी दवाखान्यात जाता जाता शेडमध्ये शिरून स्क्रू पाव फेरा आवळत, आणि घड्याळजी संध्याकाळी दुकान बंद करून येता येता पाव फेरा सोडत. दोघांनाही दुसऱ्याचं हे कृत्य माहीत होतं, आणि आपलं दुसऱ्याला माहीत नाही अशी दोघांचीही खात्री होती. त्यामुळे गाडी उत्तम चालत होती. दोन शत्रूंच्या भांडणाची सरासरी इतकी अचूक बसलेली क्वचितच पाहायला मिळते.

तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी शेडमध्ये उभं राहून विचार केला. आज संध्याकाळी साडूभाऊंची शेवटची संधी. उद्या साहेब बघणार म्हटल्यावर ते पाव फेऱ्यावर थांबणार नाहीत, चांगला अर्धा सोडतील. तेव्हा आपण आधीच अर्धा जास्त आवळून ठेवावा, म्हणजे हिशेब जागेवर येईल. त्यांनी अर्धा फेरा आवळला, तो हलू नये म्हणून त्याच्यावर असलेला चेकनट दाबून बसवला, हात धुतले आणि कुणाचा तरी दात काढायला गेले.

त्याच दुपारी थोरलीने नवऱ्याला सांगितलं की बाबांनी काल गाडी गल्लीत चालवून पाहिली, ती छान चालते आहे, आता त्या स्क्रूला हात लावलात तर माझी शपथ आहे. घड्याळजींनी शपथ पाळली. संध्याकाळी ते शेडमध्ये गेले, धुळीने भरलेल्या स्टुलावर बसले, स्क्रूकडे एखाद्या पथ्यावरच्या माणसाने मिठाईकडे बघावं तसं बघत राहिले, आणि रुमालाने हात पुसत बाहेर आले. शेडसमोरच्या आपल्या खिडकीतून डॉक्टरांनी त्यांना रुमालाने हात पुसत बाहेर येताना पाहिलं, आणि ते निर्धास्त झोपले.

सकाळी गाडी निघाली.

घर टेकडीच्या माथ्यावर, तपासणी कचेरी पायथ्याशी. मधला रस्ता उताराचा, आणि त्याची वळणं खाली जाईल तशी अवघड होत जाणारी. शेवटचं खाणीचं वळण. तिथे रस्ता जवळजवळ उलटा फिरतो, आणि बाहेरच्या बाजूला गुडघ्याइतकी दगडी कड सोडली तर काही नाही. कडेपलीकडे जुनी दगडाची खाण आहे आणि खाणीत काळं पाणी.

टप मागे दुमडलेला होता. सासरेबुवा इस्तरीचा कोट घालून चाकामागे बसले. शेजारी थोरली. तिला दोन्ही हातांनी गिअरचा दांडा धरून बसावं लागे, कारण उतारावर पहिला गिअर आपोआप निसटायचा, आणि तो निसटला की गाडी स्वतःच्या मर्जीची मालक. मागच्या सीटवर उजवीकडे घड्याळजी आणि डावीकडे डॉक्टर, दोघांच्या मध्ये हत्यारांची पिशवी, आणि दोघांची तोंडं आपापल्या बाजूच्या निसर्गाकडे.

पहिली वळणं सौम्य होती. चाक थोडंसं फिरवायचं काम, मधल्याच दात्यांवर भागलं. सासरेबुवा खूश झाले. चाक फिरवलं की गाडी लगेच वळते हा अनुभव त्यांना नवीन होता. ते म्हणाले की बाई लग्नात होत्या तशा झाल्या. कुणाच्या लग्नात ते त्यांनी सांगितलं नाही.

शाळेच्या भिंतीजवळच्या वळणावर त्यांना चाक दोन्ही हातांनी ओढावं लागलं. वळलं, पण परत सरळ व्हायला तयार होईना. गाडी भिंतीला इतकी चिकटून गेली की घड्याळजींनी कोपर आत घेतलं. सासरेबुवांनी जोर लावून चाक मागे आणलं आणि म्हणाले, बाई जरा रागात दिसतात.

डॉक्टरांनी निसर्गावरची नजर काढून सासऱ्यांच्या मानेवर ठेवली. त्या मानेच्या शिरा वर आल्या होत्या. त्यांनी मनाशी पुन्हा हिशेब केला. आपण अर्धा आवळला. साडूभाऊंनी अर्धा सोडला. शून्य. मग चाक अडतं कशाला? कदाचित त्यांनी पावच सोडला असेल. चिकट माणूस. पण पाव म्हणजे फार नाही, निभेल.

पुढच्या वळणावर निभलं नाही म्हणावं इतपत निभलं. डबीतून सुपारी फुटल्यासारखा कट्ट आवाज आला, चाक थांबलं, सासरेबुवा सीटवरून अर्धवट उठले, आणि एका घराच्या फाटकाचा खांब मडगार्डला घासून गेला. दोन्ही हातांनी हिसका दिल्यावर चाक सुटलं. आपण स्क्रूला हात लावलेला नाही एवढं घड्याळजींना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी शेजारी पाहिलं. डॉक्टर त्यांच्याकडेच पाहत होते. एवढ्या काळात दोघांची नजरानजर पहिल्यांदाच झाली, आणि दोघांनाही ती आवडली नाही.

डॉक्टर पुढे वाकले. त्यांनी थोरलीला अगदी सहज विचारावं तसं विचारलं की, ताई, काल संध्याकाळी कुणी स्क्रू सोडला का?

थोरली दांडा धरून समोर बघतच अभिमानाने म्हणाली, "छे हो डॉक्टर. शपथच घातली होती मी. बोट लावलं नाही ह्यांनी."

डॉक्टर मागे टेकले. हलणारा दात सोडून भलताच उपटल्याचं एखाद्याला कळावं, तसे ते बसून राहिले. समोर रस्ता सरळ झाला होता. डाव्या हाताला दुकानांची रांग होती, सुताराचं, पंक्चरवाल्याचं, न्हाव्याचं, आणि ती संपली की खाणीचं वळण.

"बाबा, गाडी थांबवा," डॉक्टर म्हणाले.

सासरेबुवांनी समजावून सांगितलं की ब्रेक फक्त मागच्या चाकांना आहेत, आणि तेही समजूत घालण्यापुरते. हँडब्रेक शोभेचा आहे. इंजिन बंद केलं तर हिसक्याने गिअर सुटेल. ही गाडी उतारावर थांबत नाही, पोचते. काय हवं ते खाली पोचल्यावर.

"खाली नाही पोचणार, बाबा. खाणीच्या वळणावर चाक अडकणार आहे."

सासरेबुवांनी ब्रेक दाबून धरला. थोरलीने वळून डॉक्टरांकडे पाहिलं. गाडी करकरली, चालणाऱ्या माणसाच्या वेगाला आली, पण थांबली नाही.

घड्याळजींना आणखी सांगायची गरज पडली नाही. त्यांनी पिशवीतून पाना आणि पेचकस काढला, दार उघडलं आणि गाडीच्या पायरीवर उभे राहिले. डबी उजव्या बाजूला, इंजिनाशेजारी. सासऱ्यांच्या कोपराला वळसा घालून ते पुढे सरकले, बॉनेटची झडप वर उचलून उलटी टाकली आणि आत वाकले. तेवढ्यात कळलं की एका हाताने चेकनट धरायचा, दुसऱ्याने स्क्रू फिरवायचा, म्हणजे गाडीला धरायला हात उरत नाही. गाडीने एक खड्डा घेतला आणि त्यांचा पाय सुटला.

कुणीतरी मागून पट्टा पकडला. डॉक्टर पायरीवर आले होते. एक हात दाराला, एक हात साडूभाऊंच्या कमरेच्या पट्ट्यात, आणि तोंड सासरेबुवांच्या कानाशी. हे सगळं नाटक उजव्या काचेसमोर चाललेलं असल्यामुळे सासरेबुवांनी विनंती केली की जावईबापूंनी जरा वाकून काम करावं, रस्ता दिसत नाही.

दुकानांतली माणसं बाहेर आली. न्हावी वस्तरा हवेत धरून उभा राहिला, आणि त्याच्यामागे अर्ध्या दाढीचा माणूस. पंक्चरवाल्याला वाटलं गाडीची जाहिरात आहे. त्याने हात हलवला. थोरलीचा एक हात सवयीने वर येऊ लागला होता, तो तिने परत दांड्यावर ठेवला.

चेकनट सुटेना. डॉक्टरांनीच बसवलेला होता. घड्याळजींनी पान्यावर अंगाचा भार टाकला, पट्टा ताणला गेला, आणि नट कुरकुरत हलला. त्यांनी पेचकस खाचेत बसवला आणि मान न वळवता बायकोला म्हणाले की विचार, किती आवळला होता.

"डॉक्टर, हे विचारतायत, किती आवळला होता," थोरली म्हणाली.

हे तिघेही एका हाताच्या अंतरात होते.

डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर खरा आकडा होता. पण अर्धा म्हणायला तोंड उघडलं, आणि त्यांना फोटोतले सगळे नातेवाईक दिसले. अर्धा म्हणजे उगाच गेलेला हात नव्हे. अर्धा म्हणजे ठरवून केलेली गोष्ट. ते सगळ्यांना कळलं असतं, आणि पुढच्या प्रत्येक जेवणाच्या पंक्तीत वाढलं गेलं असतं.

"सांगा त्यांना, पाव," डॉक्टर म्हणाले.

"पाव म्हणतायत."

घड्याळजींनी पाव फेरा सोडला. सासरेबुवांनी चाक थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करून पाहिलं. चांगलं हलत होतं. पण सरळ रस्त्यावर ते चांगलंच हलणार. मधल्या झिजलेल्या दात्यांवरून काहीच कळायला मार्ग नव्हता. कडेच्या दात्यांचं काय ते वळणावर पूर्ण चाक फिरवल्याशिवाय कळत नाही, आणि तिथे कळून उपयोग नाही. पाण्याच्या अलीकडे कळण्याचं साधन एकच होतं, ते म्हणजे पट्टा धरून उभ्या असलेल्या माणसाचा शब्द.

न्हाव्याचं दुकान मागे पडलं. समोर दगडी कड दिसायला लागली.

घड्याळजींनी मान वळवली. तेलाचा एक शिंतोडा त्यांच्या भिंगाच्या डोळ्याखाली, जन्मभर भिंग लावून पडलेल्या गोल वळाशी थांबला होता. थोरलीकडे न बघता ते म्हणाले,

"साडूभाऊ. पाव की अर्धा?"

हात पट्ट्यात अडकलेला नसता तर डॉक्टरांनी चष्मा पुसून वेळ काढला असता. गाडी कडेच्या दिशेने सरकतच होती. सासरेबुवांनी चाकाला हात घातला होता आणि ते कुणाकडेही बघत नव्हते. थोरलीच्या बोटांची पेरं दांड्यावर पांढरी पडली होती.

"अर्धा," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही सोडणार म्हणून."

घड्याळजींनी एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं. त्या एका क्षणात बरंच काही बोलून झालं असावं. मग ते आत वाकून खाचेतून निसटलेला पेचकस पुन्हा बसवू लागले.

"बाबा, फिरवा आता," ते आतून म्हणाले.

सासरेबुवांनी चाक फिरवायला घेतलं. गाडीचं तोंड कडेकडून रस्त्याकडे वळू लागलं. चाक एका जागी आलं आणि जड झालं. सासरेबुवांचे खांदे वर गेले. डबीतून तो कट्ट आवाज आला. चाक थांबलं. उजवा टायर कडेखालच्या खडीवर चढला, आणि खडीचे दाणे दगडावरून उड्या मारत खाली गेले. ते पाण्यात पडल्याचा आवाज यायला जरा वेळ लागला. तो सगळ्यांनी ऐकला.

घड्याळजींचं मनगट फिरलं. भिंगाखाली केसाइतकी कमान हलवण्याची सवय असलेलं ते मनगट. त्यांनी राहिलेला पाव सोडला, थांबले, जवळजवळ दिसणार नाही इतका आणखी सोडला. डबीच्या आत कुणीतरी सुस्कारा टाकल्यासारखं झालं. सासरेबुवांच्या हातात चाक एकदम हलकं झालं. ते पुरतं फिरलं, गाडीचं नाक रस्त्यात आलं, मागचं चाक कडेला घासलं, चुन्याचा एक पांढरा पट्टा उठवून पुढे सुटलं. मग चाक आपणहून, अगदी आज्ञाधारकपणे, मधोमध परत आलं. खाण मागे राहिली. थोरलीने इतका वेळ रोखलेला श्वास सोडला, पण दांडा सोडला नाही.

घड्याळजींनी तिथेच, हलत्या गाडीवर, नट पुन्हा आवळला. अर्धवट राहिलेलं काम त्यांना सहन होत नसे.

पुढचा रस्ता सपाट होता. सासरेबुवांनी चाक थोडं हलवून पाहिलं आणि म्हणाले की मध्ये थोडी ढिलाई राहिली आहे, बरं झालं, अगदी परकं वाटत होतं. गाडी कचेरीसमोर येऊन कुंपणाच्या खांबाला हलकेच टेकली आणि थांबली. साहेब पायऱ्या उतरून आले. त्यांनी गाडीच्या पायरीवर एकामागे एक उभ्या असलेल्या दोन काळ्या हातांच्या गृहस्थांकडे पाहिलं, काही विचारलं नाही, दारावरून हात घालून चाक बोटाने हलवलं आणि टायरांकडे पाहिलं. टायर हलले. थोडे उशिरा हलले, पण त्याच बैठकीत हलले. साहेब म्हणाले की या वयात एवढं चालायचंच, आणि शिक्का आणायला आत गेले.

थोरलीने कपाळ दांड्यावर टेकलं. सासरेबुवांनी कोट झटकला, आणि खाली उतरून बाईंच्या मडगार्डावरच्या ओरखड्यावरून, दुखऱ्या मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला.

डॉक्टरांना गहिवरून आलं. घडलेली गोष्ट एवढी मोठी होती की तिच्यावर काही न बोलणं त्यांना कृतघ्नपणाचं वाटलं. साडूभाऊंच्या मागे पायरीवर उभे राहूनच त्यांनी सुरुवात केली. ते म्हणाले की आज त्यांचे डोळे उघडले. माणसं एकमेकांना आवळायला जातात आणि वळणावर अडकतात. जो थोडी जागा ठेवतो तोच वळतो, आणि जो वळतो तोच पोचतो. आजपासून ते साडूभाऊंना साडू मानणार नाहीत, सख्खा मोठा भाऊ मानतील, आणि हे ते बाबांच्या समोर, ताईंच्या समोर, सरकारी कचेरीच्या दारात सांगत आहेत. त्यांचा आवाज भरून आला. कुंपणाशी उभ्या असलेल्या शिपायाने टोपी काढली.

घड्याळजींनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मान मागे वळवून ते हळू आवाजात म्हणाले,

"साडूभाऊ, आता तेवढा पट्टा सोडा."